फोटोतली बाई मी नव्हे

वस्तू सांभाळावी तर मीच, असं आमच्या घराण्यात सगळे मानतात आणि ते बरोबरच आहे. लग्न असो की बारसं, नाचायला निघालेली प्रत्येक बाई आधी माझ्याकडे येते, पर्स माझ्या मांडीवर टाकते आणि मगच मांडवात घुसते. धाकट्या दिराच्या मुलीच्या लग्नात तर माझ्यापुढे पर्सांचा असा डोंगर झाला की नवरदेव काळा की गोरा हे मला जेवणाच्या वेळी कळलं. सगळ्या पर्सा ज्याच्या त्याला परत गेल्या. कुणाची साधी टाचणी हरवली नाही. हरवलं ते माझं स्वतःचं डेबिट कार्ड.

ते कळलं सोमवारी, कुटोच्या बाजारात. मी अबेओकुटात केक करून विकते. शनिवारी एका लग्नाचा तीन मजली केक द्यायचा होता, म्हणून मैदा घ्यायला गेले, पैसे द्यायला पर्समध्ये हात घातला आणि कार्ड नाही. काउंटरवर पर्स उपडी केली. तिच्यातून अर्धा कंगवा निघाला, औषधाची चिठ्ठी निघाली, लग्नात खायला दिलेली सुकलेली चिनचिन निघाली. कार्ड नाही.

"इया डोटून, डोकं फिरवून घेऊ नका," दुकानदारीण म्हणाली. "पैसे मागाहून पाठवा. पण आधी बँकेला फोन करा."

इया डोटून म्हणजे डोटूनची आई. डोटून आता लागोसला नोकरी करतो, स्वतःच्या घरात राहतो, पण माझं नाव काही मला परत मिळालेलं नाही.

बँकेला फोन केला. इंग्रजीसाठी एक दाबा, योरुबासाठी दोन. मी दोन दाबलं. मग बराच वेळ पिपाणी ऐकवली आणि शेवटी एक मुलगी इंग्रजीत बोलायला लागली. तिने कार्ड बंद केलं आणि विचारलं, "मॅडम, परवा, शनिवारी संध्याकाळी ओके-इलेवोच्या आमच्या मशीनमधून चाळीस हजार नायरा काढलेत, ते तुम्हीच ना?"

"मी कशाला काढू? मी तेव्हा पर्सा सांभाळत होते."

"मग चोरीची तक्रार लिहून घेऊ?"

"लिही. आणि मशीनवर तुमचा कॅमेरा असतो ना, त्यात बघा. चोर लगेच सापडेल."

त्यांनी बघितलं आणि त्यांना लगेच सापडला.

पुढच्याच दिवशी मी अंड्यांचे पैसे फोनवरून पाठवायला गेले, तर खातं बंद. पैसे आत येत होते, बाहेर पडत नव्हते. पाठोपाठ शाखेतून फोन आला, साहेबांनी भेटायला बोलावलंय.

ओके-इलेवोच्या आमच्या बँकेचं दार म्हणजे एक काचेची उभी नळी. एका वेळी एकानेच आत शिरायचं, मागचं दार बंद होतं, यंत्र तुम्हाला न्याहाळतं आणि मनात आलं तर पुढचं दार उघडतं. त्या दिवशी मला त्याने दोनदा परत पाठवलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

शाखेचे साहेब म्हणजे एटिम. कालाबारकडचे, काटकुळे, बोलणं इतकं मऊ की प्रत्येक वाक्य माफी मागितल्यासारखं वाटतं. त्यांनी मला बसवलं, कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "मॅडम, ह्या तुम्हीच ना?"

पडद्यावर एक बाई होती. अंगात वाइनसारख्या गडद लाल लेसचा झगा, डोक्यावर भुवयांपर्यंत उतरलेला भला मोठा सोनेरी फेटा, डोळ्यांवर काळा चष्मा. मशीनवरच्या कॅमेऱ्यात माणसाचं नाकच तेवढं धड येतं, तेही भोपळ्याएवढं.

"ही मी नाही," मी म्हटलं.

"कपडे तर तुमचेच आहेत."

"आमच्या सगळ्यांचे आहेत, साहेब. घरच्या लग्नात सगळ्या बायकांनी एकच कापड घेतलं होतं. तुमच्याकडे नाही घेत?"

"घेतो ना. मेहुण्याच्या लग्नात आम्ही सगळे पुरुष निळ्या कापडात होतो. माझ्या सासूबाईंनी मी समजून दुसऱ्याच एका गृहस्थाला झाप झाप झापलं."

"मग झालं तर."

"मला समजतंय, मॅडम. मुख्य कचेरीला समजत नाही." त्यांनी दुसरा फोटो उघडला. तो मात्र माझाच होता. त्याच लेसमध्ये, त्याच फेट्यात, मी केलेल्या लग्नाच्या केकशेजारी दात काढून उभी. गिऱ्हाइकं यावीत म्हणून मीच तो इंटरनेटवर टाकला होता. "हे त्यांना मिळालं. शिवाय पिन पहिल्या फटक्यात बरोबर दाबलाय. ते म्हणतात, तुम्हीच पैसे काढलेत आणि कार्ड हरवल्याची खोटी तक्रार करून बँकेला फसवताय."

माझे कान गरम झाले. शाळेत असताना शेजारणीचं बघून लिहिलं असा आळसुद्धा माझ्यावर कधी आला नव्हता.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"शुक्रवारपर्यंत सिद्ध करा. नाहीतर तुमचं नाव फसवणाऱ्यांच्या यादीत जाईल. ती यादी सगळ्या बँका बघतात. मग तुम्हाला देशात कुठेही खातं मिळणार नाही."

त्यांनी तो फोटो छापून पाकिटात घालून दिला. वर म्हणाले, "सॉरी, मॅडम."

घरी आल्यावर मी तो फोटो आमच्या यजमानांपुढे ठेवला. बाबा डोटून पाणीखात्यातून निवृत्त झालेत. सगळा जन्म नळांचे आवाज ऐकण्यात गेला, म्हणून असेल, स्वतः आवाज करत नाहीत. त्यांनी एबाचा घास खाली ठेवला, हात पुसला, चष्मा पुसला, फोटो दूर धरला, जवळ धरला.

"तूच दिसतेस," ते म्हणाले.

"अहो, नीट बघा."

"बघितलं. तूच आहेस. चांगली दिसतेस."

"इतकी वर्षं माझ्यासमोर बसून जेवताय आणि बायको ओळखता येत नाही?"

"मी तर ओळखली म्हणतोय. तूच नाही म्हणतेस." असं म्हणून ते ताट घेऊन पडवीत गेले. तिथे मी ओरडले तर शेजाऱ्यांना ऐकू जातं, हे त्यांना माहीत आहे.

मग मी तो फोटो घराण्याच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला आणि विचारलं, "ही कोण, कुणी ओळखेल का?" कुणीतरी एक नाव सांगेल, माझं काम होईल, असा माझा हिशोब. पहिलं उत्तर आलं, "काकी, काय दिसतेस गं." दुसरं आलं, "फेटा कुणी बांधला?" कॅनडातल्या चुलतबहिणीने लिहिलं की मी दिवसेंदिवस आमच्या आईवर चाललेय आणि हे वाचून तिला रडू आलं. ही मी नाही, असं मी मोठ्या अक्षरांत लिहिलं. त्यावर सगळ्यांनी हसणारी तोंडं पाठवली आणि तिघींनी शिंप्याचा नंबर मागितला.

एक मोजीवन्सं तेवढ्या ग्रुपमध्ये नाहीत. त्या माझ्या थोरल्या नणंद. त्यांना ग्रुपमध्ये घ्यायचं धाडस अजून कुणाला झालेलं नाही.

गावात बातमी फिरायला वेळ लागला नाही. शनिवारच्या लग्नातल्या नवरीच्या आईचा फोन आला. "इया डोटून, तुमच्यावर पोलीस केस आहे म्हणे. केक होईल ना?"

"केसबीस काही नाही. केक होईल."

"नाही, मी एवढंच म्हणते, केक आला आणि तुम्ही नाही आलात, तरी आमची काही तक्रार नाही."

त्या फोननंतर मी ठरवलं. बँकेला बायका ओळखता येत नाहीत ना? मग बँकेला बायका दाखवायच्या. पाच-सहा जणींना फोन केले. म्हटलं, उद्या सकाळी लग्नाचं कापड घालून, फेटा बांधून, काळा चष्मा लावून बँकेपाशी या. पाच-सहा जणींना बोलावून थोरल्या नणंदेला वगळणं शक्यच नव्हतं. मोजीवन्संना सांगितलं, "वन्सं, बँक मला ओळखत नाहीये. तेवढं लग्नाचं कापड घालून या."

"मी आले की ओळखतील," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँकेसमोर तीसेक बायका उभ्या होत्या. सगळ्या गडद लाल रंगात, सगळ्यांच्या डोक्यावर सोनं. मला एवढे नातेवाईक आहेत हे लग्नातही जाणवलं नव्हतं. कारण उघड होतं. इतकं महाग कापड एकदाच घालून ठेवून द्यायचं, हे प्रत्येकीला सलत होतं. एकीने जोलोफ भाताचा भला मोठा डबा आणला होता. "बोलावलंय म्हणजे जेवण असेल," ती म्हणाली, "पण बँकेचा काय भरवसा?" रस्त्याने जाणाऱ्या एका ढोलकीवाल्याने एवढं एकसारखं कापड बघितलं आणि लग्नच आहे असं धरून तो आमची नावं विचारून ढोलकीवर आमची स्तुती वाजवायला लागला.

दारावरचा पहारेकरी मुसा धावत आला. "मम्मी, हा मोर्चा आहे की लग्न?"

"पुरावा आहे," मी म्हटलं. "साहेबांना बोलाव."

पण मोजीवन्सं थांबतात कशाला? थोरलेपणाचा मान म्हणून त्या सगळ्यांच्या पुढे काचेच्या नळीत शिरल्या. स्वतः शिरल्या. फेटा पूर्ण शिरला नाही. मागचं दार फेट्यावर मिटलं आणि तिथेच अडकलं. पुढचं उघडेना. यंत्र आतून बायकी आवाजात म्हणत राहिलं, कृपया धातूच्या वस्तू बाहेर ठेवा. वन्संनी बांगड्या काढल्या. कृपया धातूच्या वस्तू बाहेर ठेवा. हार काढला, किल्ल्या काढल्या, आणि हे सगळं ठेवायला जागा नसल्यामुळे हातात धरून उभ्या राहिल्या.

"मम्मी, फेटा काढा," मुसा काचेवर तोंड लावून म्हणाला.

"हा बांधायला माझ्या सुनेची सकाळ गेली आहे," आतून आवाज आला. "तू दार काढ."

ढोलकीवाल्याला वाटलं की काचेत ठेवलेली बाई म्हणजे कुणी फार मोठी असामी. तो नळीसमोर गुडघ्यावर बसला आणि त्यांच्या सात पिढ्यांची स्तुती वाजवायला लागला. आत पैसे भरायला आलेले लोक बाहेर येईनात, बाहेरचे आत जाईनात. शेवटी मुसाने दाराची वीज बंद केली, चौघांनी मिळून दार ढकललं आणि मोजीवन्सं फेट्यासकट आत गेल्या. त्यांच्या मागून, दार उघडंच आहे म्हणून, बाकीच्या सगळ्याही गेल्या.

एटिम साहेब केबिनमधून बाहेर आले ते कपाळ पुसतच. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "मॅडम, हे काय आहे?"

"साहेब," मी फेट्यांच्या मधून म्हटलं, "आता मला ओळखून दाखवा."

त्यांनी बघितलं. खरंच मनापासून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, परत आले आणि माझ्या मावसबहिणीसमोर उभे राहून म्हणाले, "मॅडम, मला तुमचं म्हणणं पटलंय."

"मी इकडे आहे," मी म्हटलं.

ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "एक करता येईल. सगळ्यांनी एकेक करून मशीनसमोर उभं राहा. तोच कॅमेरा, तोच उजेड. नावं न लिहिता फोटो मुख्य कचेरीला पाठवतो. त्यांनाच ओळखू दे."

बायकांना ही कल्पना इतकी आवडली की लगेच रांग लागली. कुणी लिपस्टिक लावून घेतली, कुणी डावी बाजू चांगली येते म्हणून तिरकी उभी राहिली, एकीने आपला फोटो मनासारखा आला नाही म्हणून दुसरा मागितला. चिडिन्मा नावाची कॅशियर पोरगी खिडकी सोडून मजा बघायला आली होती. तिनेही कुणाचा तरी फेटा आणि चष्मा मागून घेतला, खांद्यावर लेसची ओढणी टाकली आणि उभी राहिली. एटिम साहेब तिला ओरडायला निघाले होते, पण मध्येच थांबले. त्यांनी तोही फोटो पाठवला.

आम्ही भात वाढून घेतला. तो संपायच्या आत मुख्य कचेरीचा फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"एटिम, शाबास," फोनमधला माणूस म्हणाला. "तीच बाई आहे. सगळ्या फोटोंत तीच. सकाळपासून पुन्हा पुन्हा मशीनवर येतेय. तिला जाऊ देऊ नका."

"सर, यातला एक फोटो आमच्या कॅशियरचा आहे."

"म्हणजे कॅशियर सामील आहे?"

"नाही, सर. या तीस वेगवेगळ्या बायका आहेत. सगळ्या माझ्यासमोर बसल्या आहेत. भात खातायत."

तिकडून फोन ठेवला गेला. दुपारपर्यंत माझं खातं उघडलं. चाळीस हजार परत जमा झाले. मुख्य कचेरीने दिलगिरी कळवली. बायकांनी बँकेतच एक गाणं म्हटलं आणि लग्नात नाचणाऱ्याच्या कपाळाला चिकटवतात तशी एक नोट मोजीवन्संनी स्वतःच्या हाताने एटिम साहेबांच्या कपाळाला चिकटवली. ती त्यांनी घाईघाईने काढून चिडिन्माला दिली आणि तिची पावती करायला सांगितली.

घरी परतताना टॅक्सीत मी आणि मोजीवन्सं दोघीच. त्यांना वारा घालायला काहीतरी हवं होतं, म्हणून त्यांनी माझ्या मांडीवरचं पाकीट उचललं. त्यातून फोटो सरकून खाली पडला. त्यांनी तो वाकून घेतला आणि बघितला.

"माझा फोटो तुझ्याकडे कसा?"

"वन्सं, ह्या तुम्ही?"

"मग कोण? चष्मा बघ ना. माझ्या धाकट्या मुलाने लंडनहून पाठवलाय."

मी टॅक्सीवाल्याला आधी खिडक्या बंद करायला सांगितल्या.

त्यांनी जे सांगितलं ते असं. नवरी नाचत होती, तिच्या कपाळाला चिकटवायच्या नोटा आमच्या बाजूकडच्या संपल्या. नवऱ्या मुलाकडचे लोक अजून चिकटवत होते. अब्रूचा प्रश्न होता. बाबा डोटूननी माझ्या खुर्चीला टांगलेल्या माझ्या पर्समधून कार्ड काढलं, बहिणीला दिलं, पिन सांगितला आणि म्हणाले, आक्का, पटकन कोऱ्या नोटा आण.

"मला विचारायला काय झालं होतं?"

"तुझ्यावर पर्सा किती होत्या. तुला कुठून शोधायचं?"

"आणि कार्ड?"

"मी नोटा सरळ करत होते, तेवढ्यात ते बाहेर आलं आणि परत आत गेलं. मला वाटलं, आत गेलं म्हणजे तिथेच राहत असेल. रोतिमीला, तुझ्या नवऱ्याला, मी त्याच संध्याकाळी सांगितलं."

"वन्सं, मग आज सकाळपासून तुम्ही एक अक्षर का बोलला नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तू म्हणालीस, बँक ओळखत नाहीये, कापड घालून या. मी आले. त्यांनी ओळखलं."

घरी बाबा डोटून पडवीत बसले होते. आमच्या दोघींची तोंडं बघून त्यांनी पेपर घडी करून ठेवला.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगणार होतो. तू बँकेवर ओरडत होतीस. म्हटलं, ओरडून झालं की सांगू. ते झालंच नाही."

"आणि फोटो दाखवला तेव्हा? मी आहे म्हणालात."

"म्हटलं, तूही हो म्हणशील आणि मिटेल."

"माझा पिन तुम्हाला कुणी सांगितला?"

"सांगायला कशाला हवा? आपल्या लग्नाचं साल. तू दुसरं काय ठेवणार?"

माझ्याकडे पुष्कळ बोलायचं तयार होतं. मी ते टॅक्सीत जुळवत आले होते. पण या माणसाने आजवर लग्नाच्या वाढदिवसाला एकदाही आपणहून काही म्हटलेलं नाही. तो दिवस उलटला की मीच दुसऱ्या दिवशी आठवण करून देते. त्यामुळे मला वाटलं होतं की आमच्या घरात तो आकडा एकट्या मलाच पाठ आहे. जुळवलेलं सगळं मी तसंच ठेवलं. मी स्वयंपाकघरात जाऊन अंडी फोडत बसले.

थोड्या वेळाने ते दारात येऊन उभे राहिले. "ते बँकेने दिलेले पैसे राहू दे. तुला किती त्रास दिला त्यांनी."

मलाही तसंच वाटत होतं. पण तीस बायकांसमोर मी खरी आहे असं सांगून आले होते, आणि आता ते चाळीस हजार खात्यात ठेवले की मुख्य कचेरी म्हणत होती तीच बाई मी होणार होते.

दुसऱ्या दिवशी साधा झगा घालून बँकेत गेले. मुसाने आधी माझ्या मागे कुणी आहे का ते बघितलं. एटिम साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, उठून केबिनचं दार लावलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मग टेबलाचा खण उघडला. मशीनने गिळलेली कार्डं तिथे रबर लावून ठेवली होती. माझं वरून तिसरं होतं.

"हे शनिवारपासून इथे आहे?"

"असणार, मॅडम. पण तुमचं चोरीला गेलं होतं ना. इथे कोण बघणार?"

"बरं, पैसे परत घ्या."

"मॅडम, हात जोडतो, ठेवा ते पैसे. परत घ्यायचे तर मला लिहावं लागेल की ती बाई तुमच्या घरचीच होती. मग मुख्य कचेरी म्हणेल, आम्ही आधीपासून तेच सांगत होतो."

"लिहा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे बघितलं आणि एकेक अक्षर शोधत टाइप केलं. शेवटचं बटण दाबताना डोळे मिटले.

"आता माझं खातं?" मी विचारलं.

"बंद झालं. चौकशी होईपर्यंत."

"किती दिवस?"

"त्यातलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, मॅडम," ते म्हणाले. "सॉरी."

शनिवारचा केक वेळेवर गेला. तीन मजले, वर साखरेची फुलं. नवरीच्या आईने माझा हात धरून मला पहिल्या रांगेत बसवलं. मैदा, अंडी, लोणी, सगळं बाबा डोटूनच्या कार्डावर आलं होतं. घरखर्चही सध्या त्याच्यावरच चालतो. ते कार्ड माझ्या पर्समध्ये असतं, आणि ते कुठे आहे, असं त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही.